यंदा मी गातो

आमच्या ह्यांना एक खोड हाय. गाणारा-वाजवणारा माणूस मधेच गप झाला, चार-सहा वर्सं कुठं दिसला न्हाई, की लोक त्याला विसरतात. आमचे हे विसरत न्हाईत. हे त्याच्यावर भाकीत करतात. "हा परत येणार," न्हाईतर "ह्याचं संपलं." एकदा बोलले की बोलले. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी माघार न्हाई.

ह्यांचं नाव जवाहर. मी काय नाव घेत न्हाई, तुमाला कळावं म्हणून सांगितलं. तीस वर्सं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसती बघून टनं सांगायचे आणि बरोबर यायची. रिटायर झाले, गाड्या सुटल्या, पण अंदाज काढायची खाज काय सुटली न्हाई. ती आता गाणाऱ्यांवर निघती.

मी राजमती. इस्लामपूरच्या पुढं कृष्णेकाठी आमचं गाव. आणि आधीच एक सांगून ठेवतो. मी बाईच हाय. "सांगतो", "गेलो", "बसलो" असं बोलतो म्हणून घोटाळा करून घेऊ नका. आमच्या भागात बायका असंच बोलतात, जैनांच्या घरात तर हमखास. आमची सून ब्राह्मी फलटणची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी आतनं म्हणालो, "थांब गं, मी आलो," तर पोरीनं पदर सावरला आणि दाराकडं बघत उभी ऱ्हायली, कोण पुरुष आला म्हणून. आता सवय झाली तिला. तरी मधनंअधनं हसतीच.

तर ह्यांचं भाकीत. त्याची रीत अशी की गप झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या कार्यक्रमात गाठायचं आणि त्याच्या मांडीकडं बघत बसायचं. समोर गाणं चालू असताना बोटं मांडीवर ठेका धरत असली तर तो परत येणार. बोटं गप आणि डोळे जेवणाच्या मांडवाकडं, तर समजायचं की ह्याचं गाणं संपलं. बायकोच्या शेजारी बसून परक्या माणसाच्या मांड्या बघणारा नवरा माझ्याच वाट्याला आलाय.

पण खोटं कशाला बोलू, काही काही बरोबर येतात. कराडचा अमृत क्लॅरिनेटवाला. डीजे आले आणि त्याचा बँड बसला, त्यानं कोर्टाच्या बाहेर झेरॉक्सचं मशीन टाकलं. हे एका लग्नात त्याच्या शेजारी बसून आले आणि म्हणाले, "दोन वर्सांत वाजवतोय बघ." दीड वर्सात अमृत गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. कवठे महांकाळचा बिराप्पा, धनगरी ओव्या म्हणणारा, लय गोड गळ्याचा. सगळे म्हणत होते, हा कुठला गप बसतोय. हे म्हणाले, "संपलं त्याचं." आणि खरंच. बिराप्पानं शेळ्यांचा फार्म काढला, आता मोबाईलवर येतो तो शेळ्यांच्या लसीविषयी बोलायला. चुकलेली भाकितं मात्र ह्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाईत. माझ्या हाईत, पाच. ती मी जेवताना काढतो, म्हणजे दुसरी भाकरी मागताना माणूस जरा नरम ऱ्हातो.

पण ह्यांचं सगळ्यात मोठं भाकीत होतं ते आमच्याच घरातल्या माणसावर. सम्मेदवर.

सम्मेद म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रियदर्शनीचा नवरा. कराडात त्यांचं भांड्यांचं दुकान हाय. पण पंचक्रोशीत त्याला कोण भांड्यावरनं वळखत नव्हतं, गाण्यावरनं वळखायचे. आमच्यात पंचकल्याणक पूजा असती. पाच दिवस चालती. तीर्थंकर आईच्या पोटी येतात तिथनं ते मोक्षाला जाईपर्यंत पाच प्रसंग, रोज एक. मोठा मांडव, हत्ती, इंद्र-इंद्राणी, मुकुट घातलेले राजे, आणि हे सगळं चालतं गाण्यावर. पुढं बसून गातो त्याला आमी संगीतकार म्हणतो. सम्मेद गायचा आणि प्रिया त्याच्या मागं बसून झील द्यायची. म्हणजे त्यानं ओळ म्हटली की तीच ओळ तिनं परत म्हणायची. चौदा वर्सं दोघं गावोगाव हिंडली. चौदा वर्सांत लोकांनी त्याचा चेहरा बघितला आणि मान खाली घालून बसलेल्या तिचा नुसता अंबाडा.

आठ वर्सांमागं आमच्याच गावात पूजा होती. तिसरा दिवस, दीक्षेचा. राजकुमार राज्य सोडून वनात निघालाय. मूर्ती पालखीत, पालखी राजांच्या खांद्यावर, आणि मांडवातल्या झाडून सगळ्या बायकांचे पदर डोळ्याला. मी पण रडत होतो. सम्मेद त्या महिन्यात तिसऱ्या गावची पूजा करत होता, डोळ्याला डोळा न्हाई. वहीचं पान उलटायचं ते उलटं उलटलं, आणि ह्या माणसानं डोळे मिटून, जीव लावून, पाळणा धरला. जन्माच्या दिवशीचा पाळणा! वनात निघालेल्या राजाला हा "जो जो" करून निजवायला लागला.

पालखीवाले राजे जागच्या जागी थांबले. पुढचा राजा मागच्याला म्हणाला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "आता कुठं न्यायचं रं? वनात का पाळण्यात?"

आणि मांडवात पहिल्यांदा जे माणूस हसलं ते मी.

माझं हसणं तुमी ऐकलेलं न्हाई म्हणून सांगतो. पत्र्यावर नारळ पडल्यागत हाय ते. मला दाबता येत न्हाई. माझ्या मागनं बायकांची रांग हसली, मग पुरुष, मग राजे हसले आणि पालखी हलायला लागली. पाटावर बसलेल्या मुनिमहाराजांनी मान खाली घातली, कशाला ते मला म्हाईत न्हाई. सम्मेदनं डोळे उघडले. आधी वहीकडं बघितलं, मग बरोबर माझ्याकडं. वही मिटली, उठला, आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. उरलेल्या दिवसांना दुसऱ्या गावचा माणूस आणावा लागला.

त्या दिवसापासनं सम्मेदचं गाणं बंद. सुपाऱ्या घेऊन लोक यायचे, तो हात जोडायचा. मी चार वेळा कराडला गेलो माफी मागायला. चारी वेळा त्यानं बसवलं, चहा पाजला, पाऊसपाण्याचं विचारलं. गाण्याचा विषय काढला की उठून गिऱ्हाइकाकडं जायचा, गिऱ्हाईक नसलं तरी. मी चेष्टेनं सांगतोय खरं, पण आठ वर्सं हे मला टोचत होतं. एका माणसाचं गाणं माझ्या हसण्यानं बंद पडलं. माझ्या बहिणीच्या घरात गाण्याशिवाय दुसरी दौलत नव्हती, आणि ती मी घालवली. ते गाणं परत यावं म्हणून मी किती उपास केले ते ह्यांना सुद्धा म्हाईत न्हाई. ह्यांना वाटायचं मी वजन कमी करतोय.

यंदा आमच्या बस्तीसमोर, म्हणजे आमच्या मंदिरासमोर, नवा मानस्तंभ, म्हणजे उंच दगडी खांब, उभा ऱ्हायला आणि माघात पंचकल्याणक ठरली. कमिटीचे अध्यक्ष जिनगोंडा पाटील. त्यांनी बैठकीत सांगितलं, इचलकरंजीचा अतिशय म्हणून एक पोरगा हाय, त्याला आणू. त्याच्या कीबोर्डाचं एक बटण दाबलं की ढोलकी येती, दुसरं दाबलं की घंटा, तिसऱ्याला शंख.

आमचे हे उठले. "अतिशय-बितिशय काय नको. सम्मेद येतोय."

"कशावरनं?"

"मांडी बघितलीय मी. सांगलीच्या पूजेत मागं बसला होता. बोटं चालली होती त्याची."

मी पण त्या पूजेत होतो. सम्मेदच्या धोतरावर मुंग्या चढल्या होत्या, त्या झाडत होता तो. पण चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडायचं न्हाई म्हणून गप बसलो. आणि खरं सांगायचं तर, ह्यांचं हे सहावं चुकू नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

जिनगोंडा म्हणाले, "रविवारी पत्रिका छापायला जाती. तवापर्यंत त्याचा होकार आणा, न्हाईतर अतिशय."

ह्यांनी फोनावर फोन लावले. दुकानाचा नंबर, घराचा तोच, आणि सम्मेद काय उचलंना. शनिवारी दुपारी हे तोंड पाडून पायरीवर बसले होते आणि मोबाईल टिंग वाजला. त्या नंबरावरनंच. एवढंच लिवलं होतं:

"यंदा मी गातो. पत्रिकेत नाव घाला."

ह्यांनी चप्पल सुद्धा घातली न्हाई. तसेच पळत जिनगोंडांकडं गेले. मी बस्तीत गेलो, देवापुढं तांदूळ वाहिले आणि खांबाआड उभा राहून पोटभर रडून घेतलं. आठ वर्सांनी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

पत्रिका छापून आल्या. वेशीवर फ्लेक्स लागला, "सुप्रसिद्ध संगीतकार सम्मेद, आठ वर्षांनी पुन्हा आपल्या भेटीला," आणि वर त्याचा डोक्यावर केस असतानाचा फोटो. हे रोज सकाळी फिरायला म्हणून जायचे आणि फ्लेक्सखाली उभे ऱ्हायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईल काढून तो मेसेज दाखवायचे. "बघा. म्हणालो होतो का न्हाई?"

आठवड्यानं ब्राह्मीला दाखवला. ती पोळ्या भाजत होती, मी लाटत होतो. तिनं वाचला, परत वाचला, आणि मला म्हणाली, "आई, हे काकांनीच लिहिलंय कशावरून?"

"म्हणजे?"

"तुम्ही पण 'गातो'च म्हणता. मावशी पण 'गातो'च म्हणतात."

माझ्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. हे म्हणाले, "काय तरीच. तिनं कशाला लिवावं?" पण आवाजात दम नव्हता. तव्यावरची पोळी करपली, कुणाचं ध्यान न्हाई. मी पिठाच्या हातानंच फोन लावला आणि परसात गेलो. ह्या वेळी उचलला. प्रियानंच.

"प्रिया, मेसेज कुणी लिवला गं?"

"मी. का, चुकलं काय त्यात?"

"अगं, आमाला वाटलं सम्मेद पाव्हण्यांनी."

ती म्हणाली, "मी 'मी' लिवलं, अक्का. आणखी काय लिवायचं असतं?"

"त्यांना म्हाईत हाय?"

"सांगितलं. 'बरं' म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले."

"पण तू? पुढं बसून? एकटी?"

तवा प्रिया जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण ते माझ्या मनातनं जात न्हाई. ती म्हणाली, "अक्का, त्यांचं गाणं बंद झालं तवापासनं माणसं दारात येत्यात. 'कवा गाणार? परत कवा बसणार?' दाजी तर येऊन मांड्या बघून जात्यात. माझं पण त्याच दिवशी बंद झालं की. मला एकानं तरी विचारलं का?"

मी चार वेळा कराडला गेलो होतो. चारी वेळा तिच्या हातचं जेवलो, आणि माफी तिच्या नवऱ्याची मागून आलो. सख्खी बहीण मी. मला माझीच लाज वाटली.

घरात आलो आणि ह्यांना सांगितलं. ह्यांचं तोंड काट्यावरनं गाडी मागं फिरल्यावर व्हायचं तसं झालं. "अगं, पण मग माझं भाकीत?"

"भाकीत घाला चुलीत," मी म्हणालो. "ती गाणार हाय. आता उठा आणि जिनगोंडांना सांगून या."

ह्यांना एकट्याला कशाला जाऊ द्यायचं, म्हणून मी पण मागनं गेलो. जिनगोंडांनी डोक्याला हात लावला. माणूस वाईट न्हाई. म्हणाले, "अवो, बाई गाती ह्याला माझी ना न्हाई. पण मागनं ओळ म्हणणं वेगळं आणि पुढं बसून पाच दिवस मांडव ओढणं वेगळं. आणि तिचा आवाज बारीक हाय. सगळ्या गावाला म्हाईत हाय ते."

ते मला पण म्हाईत होतं. मी खाली बघितलं. तवा आमचे हे पुढं झाले. "जिनगोंडा, मी काय म्हणालो होतो? त्या घरातनं गाणं परत येणार, असं म्हणालो होतो. घर तेच हाय का न्हाई?" असं कायबी हे म्हणाले नव्हते. पण त्या दिवशी मला ह्यांचा लय अभिमान वाटला.

शेवटी असं ठरलं, की पहिल्या दिवशी प्रिया गाईल. जमलं तर पाची दिवस तीच. न्हाई जमलं तर दुसऱ्या दिवसापासनं अतिशय. त्याला फोन करून तयार ऱ्हायला सांगितलं. फ्लेक्स दुसरा करायला वेळ नव्हता म्हणून नावावर कागदाची पट्टी चिकटवली, "सौ. प्रियदर्शनी". फोटो तोच राहिला. तीन दिवस वेशीवर मिशीवाली प्रियदर्शनी लोकांकडं बघून हसत होती.

पूजेच्या पहिल्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं आली. सम्मेदनं मला नमस्कार केला, बस्तीत दर्शन घेतलं आणि तडक स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन बायकांच्या घोळक्यात भाजी निवडायला बसला. मी म्हणालो, "पाव्हणं, पुढं बसा की." म्हणाला, "इथं बरं हाय." कोथिंबिरीची जुडी अशी निवडत होता की एकेक काडी वेगळी. ह्यांनी लांबनं मांडी बघायचा प्रयत्न केला, पण मांडीवर परात होती.

पहिला दिवस गर्भकल्याणकाचा. तीर्थंकराच्या आईला सोळा स्वप्नं पडतात, ती सोळाच्या सोळा गाऊन सांगायची. मोठं गाणं, त्याच्यावरच संगीतकाराची परीक्षा. प्रिया पुढं बसली. पेटीवर गुंडा, सम्मेदचा जुना पेटीवाला. गुंडानं पेटी उघडली, भाता मारला, आणि बोटं आपोआप गेली ती चौदा वर्सांच्या सवयीच्या जाग्यावर. काळी एक.

तवा मला ह्यातलं काय कळत नव्हतं, नंतर कळलं म्हणून सांगतो. गाणं पेटीच्या कुठल्या सुरापासनं धरायचं त्याला पट्टी म्हणतात. काळी एक ही पुरुषाची पट्टी, खालची. बाईनं तिथनं गायचं म्हणजे हनुवटी छातीला लावून, गळा दाबून गायचं. प्रियानं ते चौदा वर्सं केलं होतं, आणि त्यालाच आमी सगळ्यांनी तिचा आवाज म्हणून ठरवून टाकलं होतं.

पहिल्या स्वप्नात हत्ती येतो. आला, पण चोरपावलानं. दुसऱ्यात बैल, तो दिसलाच न्हाई. तिसऱ्यात सिंह येतो, आणि आमचा सिंह मांजरागत येऊन गेला. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. चौथ्या स्वप्नाला लक्ष्मी आली तवा बायका एकमेकींना विचारत होत्या, "जेवायला आज काय हाय गं?" मी डोळे वटारून मागं बघत होतो, पण माझ्या डोळ्यांनी काय होतंय?

आणि जिनगोंडा उठले. कनवटीचा मोबाईल काढला, मांडवाच्या कडेला जाऊन कानाला लावला. प्रियानं ते बघितलं. पाचव्या स्वप्नाची पहिली ओळ तिनं धरली, अर्ध्यात आली, आणि आवाज बसला. बसला म्हणजे बंदच. पेटी एकटी वाजत होती. दोन हजार माणूस, आणि माझी बहीण तोंड उघडं ठेवून बसलेली. मला वाटलं, संपलं. आता हिचं पण संपलं.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवाचा पडदा सरकला आणि सम्मेद बाहेर आला. आठ वर्सांमागं मागनं निघून गेलेला माणूस भर मांडवाच्या मधनं चालत आला, बाहीला कोथिंबिरीचं पान तसंच. सगळ्या माना त्याच्याबरोबर फिरल्या.

आमच्या ह्यांनी मला कोपर मारलं. "बघ! येतोय का न्हाई? म्हणालो नव्हतो?"

"गप बसा."

सम्मेद गुंडाजवळ गेला. "सरक जरा." गुंडा सरकला. सम्मेद पेटीपुढं बसला आणि प्रियाला म्हणाला, हळूच म्हणाला, पण माईक चालू होता, "दुकानात जिथनं गातीस तिथनं धर."

"इथं? लोकांत?"

"लोकांतच की."

त्यानं सूर धरला. गुंडा म्हणाला, "काळी चार? अवो दादा, एवढी वर?"

"तिची तीच हाय," सम्मेद म्हणाला. "आठ वर्सं ऐकतोय मी."

म्हणजे त्या घरातलं गाणं कवाच बंद झालं नव्हतं! हा गिऱ्हाइकाकडं उठून जायचा आणि ही डबे-पातेली लावता लावता आपल्या सुरात गात होती. मी चार वेळा गेलो आणि मला त्याचा पत्ता न्हाई, कारण पाव्हणा आला की ती गप बसायची आणि चहा टाकायची.

प्रियानं हनुवटी उचलली. पाचवं स्वप्न, दोन फुलांच्या माळा. काय सांगू तुमाला! मला गाण्यातलं कळत न्हाई, मला एवढंच कळलं की अंगावर काटा आला आणि मागची जेवणाची चर्चा कापल्यागत थांबली. हा आवाज बारीक नव्हता. हा मोकळा होता, भरलेला, आणि त्याला कुठं जायचंय ते त्याला म्हाईत होतं. ओळ संपली तवा बायकांतनं कोण तरी ओरडलं, "पहिल्यापासनं म्हण गं बाई! आमचा हत्ती राहिला!" जिनगोंडांच्या हातातल्या मोबाईलमधनं अतिशय "हॅलो, हॅलो" करत होता. त्यांनी तो बंद करून कनवटीला लावला आणि खाली बसले.

तिनं परत हत्तीपासनं धरलं. आता हत्ती आला तो झुलत. पण झील द्यायला मागं कोण? गुंडाचा गळा तिथवर पोचत न्हाई, बायका त्या पट्टीला बिचकल्या. तवा पेटी वाजवता वाजवता सम्मेदनंच ओळ उचलली. तिनं म्हटलेली ओळ, तिच्या मागनं, तिच्याच पट्टीत. हत्ती कसाबसा गेला. बैल गेला. सिंहाला त्याचा आवाज फाटला. नुसता फाटला न्हाई, मधेच कोंबडा आरवल्यागत वर गेला आणि वरच अडकून बसला.

मांडव एकदम चिडीचूप. सगळ्यांना ते आठ वर्सांमागचं आठवलं, मला दिसत होतं. आणि माझ्या पोटातनं ते यायला लागलं. मी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ब्राह्मीनं माझा दंड घट्ट धरला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, जीव गेला तरी चालंल, पण आज मला हसू देऊ नको.

सम्मेदनं पेटीवरनं मान वर केली. मागच्या खेपंसारखंच बरोबर माझ्याकडं बघितलं.

"हसा की, अक्का," तो माईकवरच म्हणाला. "आता मी उठून जात न्हाई."